बारावं प्रकरण कोणी लिहिलं

एक

फेलोशिपच्या शेवटच्या दिवशी सकाळी विभागाचं कार्यालय उघडलं, तेव्हा हस्तलिखितं ठेवायच्या ट्रेमध्ये टाचलेली चौदा पानं होती. वर चिठ्ठी होती: खोली क्रमांक तीन, प्रकरण बारावं, शेवटचं. खोली क्रमांक तीनमधली मुलगी दोन महिन्यांपूर्वी वारली होती.

विभागप्रमुख बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, खुर्चीत बसल्या आणि पहिला फोन प्रुफकाकूंना लावला. काकू म्हणजे विद्यापीठाच्या छापखान्यात अडतीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेली बाई. त्यांच्या हातून कधी चूक निसटली नाही असं लोक म्हणत. त्या स्वतः म्हणत, सात निसटल्या आणि सातही मला पाठ आहेत.

आता ही फेलोशिप काय भानगड आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. ज्यांचं पहिलंवहिलं पुस्तक अर्ध्यावर अडकलंय अशा तिघांना विद्यापीठ एका घरात तीन खोल्या देतं, दहा महिने जेवूखाऊ घालतं आणि मानेवर एक मार्गदर्शक बसवतं. दहाव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पुरं हस्तलिखित द्यायचं. मग छापखाना ते छापतो. अपुरं छापत नाही, आणि दुसऱ्याचा हात लागलेलं तर मुळीच नाही.

खोली तीनमधली मुलगी तिघांत सगळ्यात लहान, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. चोवीस वर्षांची. हृदय जन्मापासून अधू. एका दुपारी तिने टेबलावर डोकं टेकलं ते टेकलंच. अकरा प्रकरणं जमा झालेली, बाराव्याचा फक्त मथळा. तिची फाइल बंद करायचा कुणाला धीर झाला नाही, म्हणून ती तशीच उघडी राहिली होती.

अकराही प्रकरणं काकूंच्या नजरेखालून गेलेली. धाकटी स्वतः कागद घेऊन यायची. छापखान्यात जुनी रीत होती, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं. काकूंची जोडीदारीण जाऊन चार वर्षं झाली होती. धाकटी म्हणाली, मी वाचते, तुम्ही ऐका. तेव्हापासून महिन्याची एक सकाळ दोघींची ठरलेली होती. ती गेल्यावर काकूंनी ती सकाळ रिकामीच ठेवली होती.

"पानं तिची असतील तर पुस्तक पुरं झालं," विभागप्रमुख म्हणाल्या. "नसतील तर संपलं सगळं. साडेचार वाजता समिती बसतेय. तुम्ही सांगाल तेच मी त्यांना सांगेन."

काकूंनी वरचं पान उजेडात धरलं. डाव्या कडेला केसाएवढी काळी रेघ वरपासून खालपर्यंत गेलेली. त्यांनी दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. मग पानं खाली ठेवली.

"बाई, ही पानं गेल्या सोमवारनंतर छापलेली आहेत," त्या म्हणाल्या.

दोन

रेघेत काही जादू नव्हती. खोल्यांबाहेरच्या बोळात तिघांत मिळून एक प्रिंटर होता. सोमवारी त्यात कागद अडकला, तो ओढताना आतल्या रुळाला ओरखडा गेला आणि तेव्हापासून प्रत्येक पानावर ही रेघ. काकूंकडे इतरांचे कागद येत असत, त्यांनी ती मंगळवारीच हेरली होती. धाकटीचा लॅपटॉप विभागाच्या कपाटात सीलबंद होता आणि त्यात बाराव्या प्रकरणाचा मथळाच तेवढा होता. म्हणजे पानं घरातल्याच कुणीतरी काढली होती.

काकू आधी सरांकडे गेल्या. सर म्हणजे मार्गदर्शक, एके काळचे गाजलेले कादंबरीकार. पंधरा वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती, पण दुसऱ्यांच्या ओळी खोडण्यात त्यांचा हातखंडा होता.

सरांनी पानं वाचली होती आणि ते हेलावले होते. कादंबरी एका चष्म्याच्या दुकानाची. दुकानदाराची मुलगी गोष्ट सांगते. काउंटरवरची गिऱ्हाइकं, भिंतीवरची अक्षरांची पाटी, सगळं तिला दिसतं. पण काउंटरमागे हिरवा पडदा आहे, पडद्याआड भिंगं घासायची खोली आहे आणि बाप तिला तिथे कधी पाऊल टाकू देत नाही. अकरा प्रकरणं ती पडद्याच्या अलीकडेच उभी आहे. बारावं प्रकरण थेट त्या खोलीत उघडतं, आणि बोलतो तो बाप.

सर म्हणाले, "निवेदकच बदलून टाकला. आणि ती भुवईवरची खूण. तिसऱ्या प्रकरणात मुलगी सांगते, लहानपणी पायरीवरून पडले. बाराव्यात बाप सांगतो, घासताना काच उडाली आणि पोरीच्या भुवईत घुसली, डोळा थोडक्यात वाचला, म्हणून नंतर तिला आत येऊ दिलं नाही. अशी कलाटणी सुचायला कसलेला लेखक लागतो, काकू. हे तिचंच आहे."

काकूंनी विचारलं, तुमचं तिचं शेवटचं बोलणं काय झालं होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवटी म्हणाले की ती बाराव्यावर अडली होती. आत काय आहे मला माहीत नाही म्हणायची. मी म्हटलं, मग कल्पना कर, लेखक करतात काय दुसरं? तर म्हणाली, सगळ्या जगाबद्दल खोटं लिहीन, बाबांबद्दल नाही.

"मी तिला हसलो," सर म्हणाले. त्यांनी पानं काकूंच्या हातात परत दिली.

काकू जिन्यात थांबल्या. जी मुलगी खोटं लिहायला तयार नव्हती, तिला खरं कळलं कुठून, हा प्रश्न त्यांना तिथे पहिल्यांदा पडला.

तीन

खोली एकमध्ये नर्सबाई. पंचवीस वर्षं इस्पितळात काढून आता त्यावरच पुस्तक लिहीत होत्या. त्यांचं हस्तलिखित सकाळीच जमा झालं होतं आणि त्या पिशव्या भरत होत्या. काकू प्रश्न विचारतायत म्हटल्यावर त्यांनी सरळच सांगून टाकलं की गुरुवारी दुपारी दोन नंबरमधला कवी प्रिंटरपाशी होता, मला बघून पानं पाठीमागे धरली. स्वतःच्या कविता कुणी अशा लपवत नाही, उलट अंगावर येऊन वाचून दाखवतो.

हे बोलता बोलता नर्सबाईंचं लक्ष काकूंच्या चष्म्याकडे गेलं. तो सारखा नाकावरून घसरत होता आणि डावं भिंग आपल्या जागी हलत होतं. "तीन नंबरमध्ये द्या तो," त्या म्हणाल्या. "तिचे बाबा आलेत ना सामान न्यायला. आमचे सगळ्यांचे चष्मे त्यांनीच नीट करून दिले. आज संध्याकाळच्या बसने जातायत."

काकूंना ते ठाऊक होतं. महिनाअखेरपर्यंत खोली मुलीचीच म्हणून विभागाने त्यांना राहू दिलं होतं. एक ट्रंक आणि पुस्तकांचं एक खोकं एवढंच सामान, पण माणूस नऊ दिवस आवरतच होता. त्याला घाई कर म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

नर्सबाई हळूच म्हणाल्या, "बिचाऱ्याने तिचं एक अक्षर वाचलेलं नाही. तीच सांगायची. नोकरी सोडून ही लिहायला आली, त्यावर रागावले नाहीत, पण काही विचारलंही नाही. दर रविवारी हीच फोन करायची. जेवलीस का, बरी आहेस ना, ठेवतो. एवढंच."

काकू दोन नंबरच्या दारापाशी गेल्या. कवीने दार उघडलं. दहा महिने त्याच्या चष्म्याची डावी काडी शिवायच्या दोऱ्याने बांधलेली असायची. आज तिथे नवा कोरा स्क्रू होता.

चार

"टाइप तू केलंस," काकू म्हणाल्या.

कवीने कानावर हात ठेवले नाहीत, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो म्हणाला, "केलं. लिहिलं मी नाही. कोणी लिहिलं ते सांगणार नाही, शब्द दिलाय." असल्या कामात सापडलास तर तुझंही पुस्तक अडेल, हे काकूंनी त्याला बजावलं. तो म्हणाला, ठाऊक आहे. मग काकूंनी चौदा पानं त्याच्या हातात दिली, खुर्ची ओढली आणि डोळे मिटले. "वाच. विरामचिन्हांसकट."

कवी वाचू लागला. "हात ओले असायचे ते पाण्यामुळे, पूर्णविराम. चाकावर पाणी सोडलं नाही तर काच तापून तडकते, पूर्णविराम. पडदा हिरवा, स्वल्पविराम, कारण तेवढंच कापड दुकानात उरलं होतं, पूर्णविराम. दार लावून घ्यायचो ते रागाने नाही, पूर्णविराम. काचेचा भुगा बाहेर येऊ नये म्हणून, पूर्णविराम."

पान सात, पान नऊ. अकराव्या पानावर ओळ होती की वर्षानुवर्षं घासून बोटांना काच कळेनाशी होते, मग भिंगाची कड खालच्या ओठाला लावून बघायची. चौदाव्या पानावर मजकूर अचानक तुटला. शेवट असा नव्हताच.

काकूंनी डोळे उघडले नाहीत. कुणी शेजारच्या खोलीत फोनवर बोलत असावं आणि आपल्याला एकाच बाजूचं ऐकू यावं, तसं त्यांना झालं होतं. डोळ्यांनी वाचणाऱ्या सगळ्यांना ते प्रकरण वाटलं होतं.

"हे प्रकरण नाहीच," त्या म्हणाल्या. "ही उत्तरं आहेत. प्रश्न कुठायत?"

 कवीने पानं टेबलावर नीट ठेवली आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते, म्हणून काकूंनी त्याला पुढे काही विचारलं नाही.

पाच

आता काकूंचा हिशेब ऐका. सरांना भुवईवरची खूण म्हणजे कलाटणी वाटली. लिहिणारी माणसं, त्यांना जिथे तिथे कारागिरीच दिसणार. काकूंना ती साधी विसंगती दिसली. तिसऱ्यात पायरी, बाराव्यात काच, आणि दोन्हींची दखल एकमेकांना नाही. बाराव्यातला बाप असं म्हणत नाही की तुला पायरीचं सांगितलं ते खोटं होतं. तिसऱ्यात पायरी आहे हेच त्याला माहीत नाही. म्हणजे बारावं लिहिणाऱ्याने तिसरं वाचलेलं नव्हतं.

सरांनी अकरा प्रकरणं वाचलेली. नर्सबाईंनी, कवीने वाचलेली, खुद्द काकूंनीही. या घरात तिचं एक अक्षर न वाचलेला माणूस एकच होता, आणि त्यामुळेच त्याच्यावर कुणाचा संशय गेला नव्हता.

पण तर्क वेगळा आणि खात्री वेगळी. काकूंनी तीन नंबरचं दार वाजवलं.

धाकटीचे बाबा, म्हणजे चष्मेवाले, खाटेवर बसले होते. ट्रंक बांधून तयार. काकूंनी आपला चष्मा पुढे केला. त्यांनी तो घेतला. डावं भिंग काढलं, कडेचा टवका नखाने चाचपला, खिशातल्या डबीतून बोटभर दगड काढला आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडून कड घासू लागले. काकूंचा चष्मा वाचायचा, लांबचं त्यांना त्याच्याशिवाय लख्ख दिसे. चष्मेवाल्यांनी भिंग फुंकलं, उचललं आणि त्याची कड अलगद खालच्या ओठावरून फिरवली.

"ओठाला का लावलंत?" काकूंनी विचारलं.

"बोटं मेलीत, ताई. तीस वर्षं चाकावर गेली."

"तसं अकराव्या पानावर लिहिलंय तुम्ही."

चष्मेवाल्यांनी भिंग चौकटीत बसवलं, स्क्रू आवळला, काच रुमालाने पुसली. हातातलं काम पुरं केल्याशिवाय त्यांनी मान वर केली नाही.

सहा

"मी लबाडी नाही केली, ताई. तिने विचारलं होतं," ते म्हणाले.

त्यांनी ट्रंक सोडली. कपड्यांच्या खाली निळ्या पुठ्ठ्याची वही होती. पहिल्या पानावर धाकटीच्या अक्षरात मथळा, प्रकरण बारावं, आणि त्याखाली, बाबांना विचारायचं. मग आकडे घालून प्रश्न. एक, तुमचे हात नेहमी ओले का असायचे. दोन, पडदा हिरवाच का. तीन, दार आतून का लावायचात, माझा राग यायचा का. असे तेवीस.

"फोनवर विचारायची. बाबा, आत काय करता हो तुम्ही? मी म्हणायचो, कामाचं बोल. मला वाटायचं, पोर उगाच वेळ घालवतेय. सामान आवरायला आलो तर ही वही. म्हटलं, एवढं तरी करावं. रोज दोन-तीन उत्तरं लिहायचो, वेगळ्या कागदांवर, तिच्या वहीत नाही. सवय नाही हो, एका उत्तराला दुपार जायची."

कवीला त्यांनीच गाठलं होतं. कवीने सांगितलं की शेवटचं प्रकरण नाही म्हणून पुस्तक छापणार नाहीत. मग दोघांनी मिळून आकडे काढून टाकले आणि उत्तरं टाइप केली. तिचं नाव घालताना कवीचा हात अडला, तेव्हा चष्मेवाले म्हणाले होते, नाव तिचंच घाल, मी कोण?

काकूंनी प्रश्न मोजले, मनात उत्तरं मोजली. "बावीसच दिलीत. तेविसाव्याचं?"

चष्मेवाल्यांनी वही मिटून घेतली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली. ते रडले. काकूंनी त्यांना रडू दिलं, आणि आपलेही डोळे पुसले. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

सात

समितीपुढे काकूंनी मोजकंच सांगितलं. चौदा पानं तिची नाहीत, ती तिच्या वडिलांनी तिला दिलेली उत्तरं आहेत, ज्याची त्याला परत जावीत. टाइप कोणी केलं याने काही फरक पडत नाही. आणि बारावं प्रकरण मात्र आहे, तिच्या स्वतःच्या हातचं, मथळ्यासकट. तेवीस प्रश्न. दुसऱ्या कुणाचा त्याला हात लागलेला नाही. असं म्हणून त्यांनी वही टेबलावर ठेवली.

कुणीतरी म्हणालं, प्रश्नांवर कुठे पुस्तक संपतं का. उत्तरं निदान परिशिष्टात घालू या, असंही निघालं. पण चष्मेवाल्यांना ते नको होतं, तिच्या पुस्तकात माझं कशाला, मी तिला लिहिलं होतं, असा त्यांचा निरोप काकूंनी सांगितला. सगळे सरांकडे बघू लागले, कारण शेवटचा शब्द त्यांचा. सरांनी वही पुढे ओढली आणि तेवीसही प्रश्न वाचले.

"मी तिला खोटं लिही म्हणालो होतो," ते म्हणाले. "तिने हे लिहिलं. छापा."

पाचाला तीन मिनिटं कमी असताना शिक्का बसला. चष्मेवाल्यांची बस चुकली, ते दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

महिन्याभराने प्रुफं आली. काकूंना जोडीदार हवा होता. छापखान्यात वाचणारे चार जण होते, पण काकूंनी चष्म्याच्या दुकानात फोन केला. म्हणाल्या, मूळ प्रत मोठ्याने वाचायची, चिन्हं सोडायची नाहीत, दोन दिवसांचं काम आहे.  ते म्हणाले, येतो.

दुकान बंद ठेवून ते आले. धाकटी बसायची त्या खुर्चीत बसून त्यांनी मुलीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. वाचायची सवय नव्हती, आवाज सपाट होता. गिऱ्हाइकं आली, अक्षरांची पाटी आली. तिसऱ्या प्रकरणात पायरी आली तेव्हा ते थांबले, पाणी प्यायले. "पायरीचं मीच सांगितलं होतं तिला," म्हणाले, आणि पुन्हा वाचू लागले. काकूंचं बोट ओळीवरून सरकत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारावं प्रकरण आलं. एकेक प्रश्न ते वाचत गेले, आकड्यासकट, प्रश्नचिन्हासकट. बाविसावा झाला.  काकू बोट ठेवून थांबल्या.

"तेवीस," ते म्हणाले. "पुस्तक झालं की मी घरी आले, स्वल्पविराम, तर मला आतल्या खोलीत येऊ द्याल, प्रश्नचिन्ह."

खाली मजकूर नव्हता. चष्मेवाले त्या कोऱ्या जागेकडे बघत बसले.

"हो," ते म्हणाले. "ये."

ते दोन शब्द मूळ प्रतीत नव्हते. काकूंनी प्रुफावर खूण केली नाही. पान उलटलं, खाली आपली सही केली आणि गठ्ठा बांधायला घेतला.